आडनाव आधी

चंदीगडहून परत आले म्हटल्यावर आमच्या गल्लीत सगळ्यांनी एकच विचारलं, “थंडी किती होती?” अहो, ऑगस्टात गेले होते मी! घामानं जीव नकोसा होत होता. पण उत्तरेला गेलं की थंडी असणारच, असं कराडात ठरूनच गेलंय, त्याला मी काय करू? शेवटी म्हटलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. लिहिण्याची सवय आहे मला. एकतीस वर्षं हायस्कूलच्या ऑफिसात काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. दाखले, बोनाफाईड, जनरल रजिस्टर, सगळं माझ्या हातचं. अक्षर असं, की तपासणीला आलेले साहेब रजिस्टर उघडून आधी दोन मिनिटं नुसतं बघत बसायचे. स्वतःची टिमकी वाजवतेय खरी, पण याच अक्षरानं पुढं माझी जी फजिती केली ती सांगायची तर हे आधी सांगावंच लागतं.

माझी लेक मृदुला मोहालीला नॉलेज सिटीत संशोधन करते आणि राहते चंदीगडला, अडतीस सेक्टरमध्ये, एका कोठीच्या तळमजल्यावर. आपल्याकडं कोठीत धान्य ठेवतात, तिथं माणसं राहतात. लग्नाचा विषय काढायचा नाही, या अटीवर तिनं मला दीड महिना बोलावलं होतं. ती अट मी पाळली. म्हणजे, बरीचशी पाळली.

अडतीस सेक्टर

चंदीगड म्हणजे सरळ. रस्ते सरळ, झाडं रांगेत, चौकाचौकात मोठा गोल. दर सेक्टरला आपलं मार्केट, आपली बाग, आपला दवाखाना. ऐकायला सोपं वाटतं, चालायला लागलं की कळतं. आपण पत्ता सांगताना पिंपळ सांगतो, पिठाची गिरणी सांगतो. तिथं नुसता आकडा. दुसऱ्याच दिवशी कोथिंबीर आणायला गेले आणि येताना मोठ्या विश्वासानं फाटक उघडून, चपला काढून, बेल वाजवली. दार उघडलं एका उंचापुऱ्या सरदारजींनी. फाटक तेच, फरशी तीच, फक्त गल्ली पलीकडची! त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या चपलांकडं बघितलं आणि “आओ जी, पाणी पियो” म्हणून आत घेतलं. पाण्याऐवजी लस्सी पाजली आणि स्वतः घरापर्यंत सोडायला आले. मृदुलानं कपाळाला हात लावला. “आई, यार, फोन नाही का करायचा?”

बसचंही तसंच. स्टॉपवर उभ्या होतो तर कंडक्टर दारात लोंबकळत ओरडतोय, “सतारां! सतारां!” मी कान टवकारले. इथून साताऱ्याची गाडी? पिशवी सावरून मी निघालेसुद्धा. मृदुला हसून हसून लाल. पंजाबीत सतराला सतारां म्हणतात, आणि सतरा सेक्टर म्हणजे तिथलं मोठं मार्केट. बावीसला तर नुसतं ‘बाई’. शिपायापासून पोरांपर्यंत सगळ्यांनी जन्मभर मला बाईच म्हटलेलं, त्यामुळं रिक्षावाल्यानं “बाई, बाई!” केलं की माझी मान आपोआप वळायची.

घरमालकीण गुरमीत कौर, माझ्याच वयाची, पहिल्या मजल्यावर एकटी. नवरा कॅनडाला मुलाकडं गेलेला. तिसऱ्या दिवशी ती पराठे घेऊन खाली आली. त्यावर लोण्याचा गोळा असा, की मी विचारलं हे एका पराठ्याला की सगळ्यांना? “भैणजी, खाओ, कोई गल नहीं,” म्हणून तिनं अजून थोडं लोणी वाढलं. मी तिला कांदा-लसूण चटणी दिली. तिनं बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली. तिथंच आमचं जमलं.

गच्चीवरची खोली

मी गेले त्याच आठवड्यात, रविवारी, गच्चीवरच्या खोलीत मेरोन राहायला आली. आफ्रिकेतल्या इथियोपियाची, अदिस अबाबा गावची, वय तेवीस. शिष्यवृत्तीवर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आलेली. वसतिगृहात खोली मिळायला वेळ होता, तोवर इथं. दोन भल्या मोठ्या बॅगा, डोक्यावर बारीक बारीक वेण्या, आणि दर वाक्याला ‘सॉरी’. जिना चढताना सॉरी, पाणी मागताना सॉरी. पोरगी इतकी धास्तावलेली, की पहिले दोन दिवस बिस्किटांवरच होती. ते कळल्यावर मी तिला हाताला धरून खाली आणलं आणि वरणभात वाढला.

ताट घेताना तिनं उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरलं. मोठ्या माणसाकडून काही घेताना त्यांच्यात असंच घेतात म्हणे. आपण तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो, ते मला आठवलं. मला ती ‘मामा’ म्हणायला लागली. म्हटलं, बाई गं, मामा म्हणजे माझा भाऊ, मला मावशी म्हण. तिचं ‘माऊशी’ झालं आणि तेच राहिलं.

मग रोज काहीतरी शिकवणं चालू. बादलीतून आंघोळ कशी करायची, गिझर कधी बंद करायचा, मार्केटमध्ये कुणी फोटो काढायला मागितला तर सरळ नाही कसं म्हणायचं. माझं बोलायचं इंग्रजी म्हणजे ऑफिसातल्या पत्राचं. मी तिला “काइंडली टेक युवर सीट” म्हणायची आणि ती गंभीरपणे बसायची. तिनंही मला शिकवलं. तिच्या आईनं दिलेला लाल मसाला तिनं उघडला, बेरबेरे म्हणतात त्याला, तर वासावरून थेट आमच्या घरचा वाटला. एकदा तिनं पीठ तीन दिवस आंबवून जाळीदार काहीतरी केलं. मी म्हटलं, ही तर आंबोळी! त्यात मसाल्याची डाळ गुंडाळून तिनं तो घास थेट माझ्या तोंडात घातला. नको नको म्हणेपर्यंत आत. आपल्याकडं घास लग्नात भरवतात, तेही फोटोवाला ओरडल्यावर. त्यांच्यात माया दाखवायची रीतच ती.

कॉफीची तर वेगळीच गंमत. कॉफीला ती बुन्ना म्हणते. आमच्या आजीच्या तोंडी कॉफीच्या बियांना बुंददाणे हा शब्द होता, तो मला कित्येक वर्षांनी आठवला. हिरवे दाणे तव्यावर भाजायला घेतले तिनं, तर गच्चीवर हा धूर! “अग्ग लग गई!” करत गुरमीत पाण्याची बादली घेऊन जिना चढली. नशीब, ओतली नाही. मग तिघी चटईवर बसलो आणि तीन-तीन वेळा इवल्याशा कपांतून प्यालो. तिसरा कप आशीर्वादाचा असतो म्हणाली, तो सोडून उठायचं नाही. मी चहावाली बाई, पण उठले नाही.

पण मूळ गोष्ट राहिली. परदेशी विद्यार्थ्यानं आल्यापासून चौदा दिवसांच्या आत सरकारकडं नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकानं एक फॉर्म भरून विद्यापीठात द्यायचा, त्यावरून विद्यापीठ बोनाफाईड देणार, आणि ते लावून ऑनलाइन अर्ज. मुदत हुकली तर दंड, चौकशी, आणि मुख्य म्हणजे शिष्यवृत्ती अडकणार. मेरोनला तीच धास्ती होती. शिष्यवृत्ती थांबली तर परत जावं लागेल, असं तिनं दोनदा बोलून दाखवलं. गुरमीतनं फॉर्म हातात घेऊन उलटासुलटा केला. “अंग्रेज़ी तो सब मुंडा लिखता था जी.” मुंडा म्हणजे तिचा कॅनडातला मुलगा. मी म्हटलं, आणा इकडं!

पहिलीच ओळ, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव. पुढं लांबलचक रेघ. मी मेरोनला विचारलं, “आडनाव काय?”

“आमच्यात आडनाव नसतं, माऊशी. मेरोन मी. तादेसे माझे वडील. अलेमू माझे आजोबा.”

काय आनंद झाला मला! आपलं नाव, पुढं बापाचं नाव, हे तर अगदी आपल्यासारखं. आल्यापासून तिथं ज्याला त्याला मधलं नाव समजावून मी दमले होते. गुरमीत म्हणाली, “साडे तां सारियां कौर ही कौर.” म्हणजे त्यांच्यात सगळ्याच बायका कौर. मी म्हटलं, राहू द्या, आम्हा दोघींचं आम्हाला कळतंय. काळं पेन घेतलं, चष्मा पुसला आणि मोठ्या छापील अक्षरांत, रेघेला न शिवता लिहिलं. शेवटचं ते आडनाव, आणि आडनाव आधी. जनरल रजिस्टरचा नियमच तो. पाटील सुनीता आनंदराव. जाधव विजय शंकर. एकतीस वर्षं असंच लिहिलेलं, हाताला विचारावं लागत नाही. अलेमू मेरोन तादेसे. गुरमीतनं सही केली. मेरोन क्षणभर कागदाकडं बघत राहिली. नंतर म्हणाली, मला वाटलं भारतात असंच लिहीत असतील!

मधल्या रविवारी आम्ही सुखना तलावावर गेलो. पाऊस पडून गेला होता आणि कसौलीकडचे डोंगर धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ दिसत होते. मेरोन कितीतरी वेळ तिकडंच बघत होती. त्यांचं गाव उंचावर आहे, घरातून असेच डोंगर दिसतात म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी हसली आणि मक्याचं कणीस लिंबू-तिखट लावून दोन वेळा मागून खाल्लं.

शुक्रवार

बोनाफाईड मिळालं गुरुवारी, संध्याकाळी. मृदुला कॉम्प्युटरवर अर्ज भरायला बसली आणि दोन मिनिटांत म्हणाली, “आई, हे काय?”

अर्ज पुढं जाईना. पासपोर्टवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. मी दाखला ओढून घेऊन वाचला. तिथल्या पद्धतीनं पहिला शब्द विद्यार्थ्याचं नाव, पुढचे वडिलांचे. त्यामुळं छापून आलं होतं, कुमारी अलेमू, मेरोन तादेसे यांची कन्या! म्हणजे आजोबा झाले विद्यार्थिनी आणि आमची मेरोन झाली आजोबांचा बाप. मृदुलाला आधी हसू फुटलं, मग माझं तोंड बघून तिनं ते गिळलं. मेरोन हसली नाही. मुदत रविवारी संपणार, शनिवार-रविवार ऑफिस बंद. हातात एक शुक्रवार. ती हळूच म्हणाली, “सॉरी, माऊशी.” चूक माझी आणि सॉरी ती म्हणत होती! मला भयंकर लाज वाटली.

सकाळी गुरमीतनं तिची जुनी गाडी काढली. ती गाडी अशी चालवते, की प्रत्येक गोलाला मी देवाचं नाव घेत होते. नऊला आम्ही विद्यापीठात हजर. खिडकीमागं पन्नाशीच्या एक मॅडम, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शेजारी शिक्क्यांचं पॅड. त्यांनी दाखला बघितला, फॉर्म काढला आणि म्हणाल्या, “जैसा फॉर्म में लिखा था, वैसा ही टाइप किया है जी.”

हे वाक्य माझं होतं हो! फॉर्मवर होतं तसंच लिहिलंय, हे मी खिडकीच्या आतून किती जणांना सुनावलं असेल. एकदा उंब्रजचे एक गृहस्थ मुलीच्या नावातली वेलांटी दुरुस्त करायला तीनदा आले होते. तिन्ही वेळा मी नियम दाखवून परत पाठवलं. नियम बरोबरच होता, पण मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नव्हतं. त्या शुक्रवारी खिडकीच्या बाहेर उभी राहिल्यावर त्यांचा चेहरा मला लख्ख आठवला.

“नाम बदलना है तो ॲफिडेव्हिट लाओ,” मॅडम म्हणाल्या. “सोमवार को आना.”

सोमवार म्हणजे सगळं संपलं. गुरमीत पंजाबीत काहीतरी जोरात बोलायला लागली. मी तिला मागं ओढलं. ऑफिसात आवाज चढवला की काम खाली जातं, हे मला ठाऊक आहे. आणि दुसरंही एक ठाऊक आहे. नावात बदल मागितला तर प्रतिज्ञापत्र लागतं. पण लिहिणाऱ्याची चूक असेल तर लिहिणाऱ्यानं तसं लेखी द्यायचं, जुना कागद रद्द करायचा आणि नव्या फॉर्मवर नवा दाखला द्यायचा. फक्त लिहिणाऱ्यानं कबूल करायला हवं. आणि मी एकतीस वर्षांत एकदाही, कुठल्याही कागदावर, चूक माझी आहे असं लिहून दिलेलं नव्हतं. हेडमास्तरांनी सांगूनही नाही. तसा माझा नावलौकिकच होता.

बाकावर बसले, कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं. मी, निवृत्त मुख्य लिपिक, या विद्यार्थिनीच्या घरमालकिणीच्या वतीनं फॉर्म भरताना आमच्याकडच्या सवयीनं शेवटचं नाव आधी लिहिलं. विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही. चूक सर्वस्वी माझी आहे. ‘सर्वस्वी’ला इंग्रजी शब्द आठवेना, तो मेरोननं सांगितला. सही केल्यावर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “आप हेड क्लर्क थीं?”

“जी. इकत्तीस साल.”

“और नाम उल्टा लिख दिया?”

“हमारे यहाँ यही सीधा है जी,” मी म्हटलं.

त्या हसल्या. आतून खुर्ची आणायला सांगितली, मला बसवलं आणि स्वतः उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब मीटिंगला गेले होते, म्हणून दोन तास थांबलो. गुरमीतनं कॅन्टीनमधून कढी-चावल आणले आणि मॅडमनाही दिले. मॅडमनी माझ्याकडून नवा फॉर्म लिहून घेतला, या वेळी पासपोर्ट समोर ठेवून. माझं अक्षर बघून म्हणाल्या, “लिखाई तो कमाल है.” मी म्हटलं, त्यानंच घात केला! जुना दाखला त्यांनी रद्दचा शिक्का मारून जमा करून घेतला. नवा साडेतीनला हातात आला. मेरोन तादेसे अलेमू, सगळं जागच्या जागी. मृदुलानं तिच्या संस्थेतून लवकर येऊन पाच वाजता अर्ज भरला आणि सव्वापाचला मेरोनच्या फोनवर स्वीकारल्याचा निरोप आला. मेरोन माझ्या गळ्यात पडली, मग गुरमीतच्या, मग पुन्हा माझ्या. “पक्का झालं ना?” असं तिनं मृदुलाकडून शिकलेल्या मराठीत तीनदा विचारलं.

शनिवारी सकाळी गच्चीवर बसून तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. आजोबा समोर होते. पांढरी शाल, बारीक चेहरा, दात दोन-चारच. मेरोन भराभरा सगळं सांगत होती आणि माझ्याकडं बोट दाखवत होती. मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात मेरोनला काहीतरी सांगितलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणतायत, माझ्या नावाचा तो कागद मला पाठव.” तिनं डोळे पुसले. “ते शाळेत गेले नाहीत ना, माऊशी. शाळेच्या कागदावर त्यांचं नाव कधीच आलं नाही.”

तो कागद तर जमा झाला होता. नियमच आहे तसा, मी मागूही शकले नसते. हजारो पोरांची नावं या हातानं रजिस्टरात चढवली, पण नाव चढलेलं बघायला कुणी इतकं आसुसलेलं असतं, हे कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी खाली जाऊन जाड पांढरा कागद आणि पेन घेऊन आले.

“विचार त्यांना, पूर्ण नाव काय. तुमच्या पद्धतीनं सांगू दे, मी तसंच लिहिते.”

त्यांनी सावकाश सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं. मी देवनागरीत लिहिलं, कारण माझं खरं अक्षर तेच. मेरोननं फोन कागदावर धरला होता आणि ते तिकडून एकेक अक्षर उमटताना बघत होते. अलेमू वोल्दे देस्ता. लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. ते फोनच्या अगदी जवळ सरकले. मग नातीला त्यांनी काहीतरी विचारलं.

“विचारतायत, हे मीच का?”

“हो म्हणावं,” मी म्हटलं. “सांग त्यांना, हे तुम्हीच.”